जुनी कंपनी पाठीमागे खोटं बोलतेय? ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदारांसाठी पायरीपायरीने

ऑफर लेटर हातात असतं. जॉइनिंगची तारीख ठरलेली असते, घरी पेढेही वाटून झालेले असतात. मग अचानक नव्या कंपनीचा एचआर फोन उचलेनासा होतो आणि चार दिवसांनी एका ओळीचा मेल येतो की पोझिशन सध्या होल्डवर आहे. महिन्याभराने रबाळे स्टेशनबाहेर जुना सहकारी भेटतो, कटिंग पिता पिता सहज विचारतो, "काय रे, तू म्हणे पैशांचा घोळ करून गेलास?"

मी अकरा वर्षं ऐरोली-महापे पट्ट्यात एचआरचं काम केलं. नोकरी सांभाळून कायदा शिकले आणि आता ठाण्याच्या कोर्टात उभी राहते. म्हणजे नवी कंपनी उमेदवाराबद्दल जुन्या कंपनीला विचारते त्या रेफरन्स चेकच्या फोनची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. माझ्याकडे येणारा माणूस बोलणाऱ्यावर चिडलेला असतो. त्याला विचारायचं असतं की त्या मॅनेजरला धडा कसा शिकवायचा. मी मात्र आधी ऐकणाऱ्याबद्दल विचारते. हे कोणी ऐकलं? आणि तो माणूस कोर्टात येऊन सांगेल का? अफवेची केस बोलणाऱ्याच्या तोंडावर उभी राहत नाही, ऐकणाऱ्याच्या कानावर राहते. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी वाक्य पकडा

"माझी बदनामी केली" एवढ्यावर कोर्टात काहीच होत नाही. कोण बोललं, कोणाला, कोणत्या तारखेला, फोनवर की मेलवर की समोरासमोर, आणि नेमके शब्द काय, हे सगळं लागतं. एक साधी वही घ्या आणि जे कळेल ते त्याच दिवशी लिहा. शब्द जसेच्या तसे लिहा. हिंदीत बोलले असतील तर हिंदीतच. "उसने पैसा खाया है" असं म्हटलं असेल तर तेच लिहा, "आर्थिक गैरव्यवहाराचा आरोप केला" असं त्याचं सरकारी भाषांतर करू नका. उलटतपासणीत पहिला हल्ला शब्दांवर होतो.

मग त्या वाक्याची जात ओळखा. इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते.

"काम संथ होतं", "टीमशी पटलं नाही", "आम्ही त्याला परत घेणार नाही" ही मतं आहेत. ती झोंबतात, नोकरीही घालवतात, पण त्यांवर दावा टिकणं फार अवघड. शेवटचं वाक्य तर प्रत्येक बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर असतं. तिथे टिक करणं हा कंपनीचा स्वतःचा निर्णय आहे. याउलट "पैसे खाल्ले", "क्लायंटचा डेटा घेऊन गेला", "डिग्री खोटी आहे", "तिच्यावर पोलीस केस आहे" ही वाक्यं खरी तरी असतात किंवा खोटी तरी. तपासून बघता येतात. कायद्याचं काम या दुसऱ्या जातीशी.

मधोमध एक शब्द लटकलेला असतो: "अॅबस्कॉन्डिंग", म्हणजे न सांगता पळून गेलेला. आमच्या पट्ट्यात हा शब्द चटणीसारखा वापरला जातो. साठ दिवसांच्या नोटिसमधले वीस दिवस भरून, उरलेल्या दिवसांचे पैसे देऊन माणूस निघतो, तरी सिस्टिममध्ये त्याच्या नावापुढे हाच शेरा. अशा वेळी तुमच्याकडे राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर आणि पैसे भरल्याची नोंद असेल तर शेरा उघड खोटा ठरतो. पण तुम्ही खरंच एका सोमवारपासून जायचं बंद केलं असेल आणि फोनही बंद ठेवला असेल, तर शब्द कडू आहे, खोटा नाही. हे ऐकून दोन-तीन अशील माझ्यावर रुसून गेलेत. पण फी घेऊन गोड बोलण्यापेक्षा ते बरं.

समोरच्याची ढाल समजून घ्या

बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या दंडसंहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं लागतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे. पूर्वीप्रमाणेच कलमाला दहा अपवाद आहेत आणि जुन्या मालकाचा वकील त्यांतल्याच एखाद्या मागे उभा राहतो.

त्याच्या सर्वांत उपयोगाचा अपवाद नववा: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. नव्या कंपनीने विचारलं, जुन्याने स्वतःला खरं वाटतं ते सांगितलं, तर कायदा त्याला संरक्षण देतो. ते योग्यही आहे. नाहीतर खरोखर पैसे खाणाऱ्याबद्दलही कोणी चकार शब्द काढणार नाही. हे संरक्षण सुटतं ते दोन ठिकाणी. एक, बोलणाऱ्याला खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा त्याने साधी चौकशीही केली नव्हती. दोन, ज्याला कळण्याचं काही कारण नाही अशालाही सांगितलं. नव्या एचआरने विचारल्यावर दिलेलं उत्तर वेगळं. तेच कँटीनमध्ये, पुरवठादारांना, माजी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगितलं की गोष्ट बदलते. पाहा, पुन्हा ऐकणाराच आला.

खरं बोलणं हा दिवाणी दाव्यात पूर्ण बचाव आहे. फौजदारीत मात्र खरं असून शिवाय ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. आणि मॅनेजरने बंद केबिनमध्ये फक्त तुम्हालाच "तू चोर आहेस" म्हटलं असेल तर तो अपमान आहे, बदनामी नाही. तिसऱ्या माणसाच्या कानापर्यंत ते जायला हवं.

ऐकणाऱ्याकडे जा, पण हळू

ज्याने तुम्हाला "असं असं बोलले" म्हणून सांगितलं, तो मित्र म्हणून सांगतो. साक्षीदार म्हणून नाही. त्याला लगेच "मग कोर्टात येशील ना?" विचारलंत की तो पुढच्या वेळी स्टेशनवर तुम्हाला बघून जिना बदलेल.

नव्या कंपनीच्या एचआरला आधी एक छोटा, सभ्य मेल करा. मी अशिलांना साधारण असा मजकूर देते: "मॅडम, आपण दिलेली ऑफर मागे घेतल्याचं कळलं. आपल्या निर्णयाचा मला आदर आहे. मात्र पूर्वीच्या कंपनीकडून माझ्याबद्दल काही चुकीची माहिती आली असल्यास ती दुरुस्त करण्याची संधी मला मिळावी. कोणत्या मुद्द्यावर शंका आली हे कळवल्यास मी कागदपत्रं पाठवू शकेन." यात धमकी नाही, आरोप नाही. दहातले सात जण उत्तर देणार नाहीत. पण उरलेल्यांतला एक जण लिहितो, "युवर प्रीव्हियस एम्प्लॉयर मेन्शन्ड इंटिग्रिटी इश्यूज", आणि तुमची केस त्या ओळीपासून सुरू होते.

अजून त्याच कंपनीत काम करणाऱ्या सहकाऱ्याला यात ओढू नका. त्याच्या घराचा हप्ता आहे. कंपनी सोडून गेलेला जास्त मोकळेपणाने बोलतो. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: साक्षीदाराला कोर्टाकडून समन्स काढता येतं. बऱ्याच जणांना ते उलट सोयीचं वाटतं. स्वतःहून आलो असं दिसत नाही, "कोर्टाने बोलावलं म्हणून यावं लागलं" असं सांगता येतं. म्हणून त्याच्याकडून लगेच वचन मागू नका. त्याचं पूर्ण नाव, हुद्दा आणि त्याने ते कधी ऐकलं एवढं वहीत असलं तरी पुरे.

मित्राला खोट्या कंपनीचा एचआर बनवून जुन्या ऑफिसला फोन लावायला सांगण्याची युक्ती सगळ्यांनाच सुचते. करू नका. समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत म्हणेल की हे बोलणं तुम्हीच घडवून आणलं, ऐकणारा तुमचाच माणूस, मग तुमची अब्रू कोणासमोर गेली? शिवाय खोटं नाव सांगून फोन केल्याचं बालंट तुमच्याच गळ्यात.

पुरावा गोळा करताना

मेसेज ज्याच्या फोनवर आला त्याच्याच फोनवर मूळ स्वरूपात राहू द्या. फॉरवर्ड केलेली प्रत आणि स्क्रीनशॉट ही दुय्यम गोष्ट. स्क्रीनशॉट काढताना वर "पांडे सर ओल्ड ऑफिस" असं सेव्ह केलेलं नाव न दिसता नंबर दिसेल असा काढा, तारीख आणि वेळही यायला हवी. फोन बदलायचा असेल तर केस संपेपर्यंत जुना फोन कपाटात ठेवा, एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी हेच ६५ब होतं. त्याशिवाय छापून आणलेला चॅट कोर्ट वाचणार नाही. हा नियम किती कडक आहे ते आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा बजावलं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिला आहे. तो भरताना फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा, लिहावी लागते, आणि नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. वकिलाच्या ऑफिसात हे बसून करा, शेवटच्या रात्री नको.

स्वतः भाग घेतलेल्या फोनचं रेकॉर्डिंग चालतं का, हे रोज कोणीतरी विचारतं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ सालच्या निकालापासून कोर्टं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून स्वीकारत आली आहेत, आवाज ओळखता आला आणि छेडछाड नसली तर. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करणं ही मात्र वेगळीच गोष्ट, त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या बाजूची कागदपत्रंही लावून ठेवा: अप्रेझल, पगारवाढीची पत्रं, रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचा हिशेब. रिलीव्हिंग लेटर दिलं नसेल तर मेलवर लेखी मागा, नकार आला तर तोही कामाचा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली आहे का तेही बघा. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःलाच भरता येते. व्हेरिफिकेशनवाले ते पान हमखास उघडतात.

हे सगळं गोळा करताना कंपनीची गोपनीय फाईल, ग्राहकांची यादी किंवा दुसऱ्याचे मेल स्वतःकडे ओढून घेऊ नका. "डेटा चोरला" ही अफवा खोटी आहे हे सिद्ध करायला निघालेला एक जण पेन ड्राइव्हमध्ये डेटा घेऊनच माझ्यासमोर बसला होता.

मुदत: हे आधीच सांगायला हवं होतं

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत एक वर्ष. फक्त एक. लेखी बदनामी असेल तर प्रसिद्ध झाल्यापासून, तोंडी असेल तर बोलल्यापासून. पैशांच्या उसनवारीला तीन वर्षं असतात म्हणून लोक इथेही तीनच धरून चालतात आणि चौदाव्या महिन्यात येतात. नोटीस पाठवल्याने, उत्तराची वाट बघितल्याने, "साहेब बोलून मिटवतो म्हणाले" म्हणून थांबल्याने हे वर्ष लांबत नाही. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची मुदत आहे, ती इथे कामी येते.

एक दिलासा: जुन्या कंपनीने तेच खोटं नव्या माणसाला पुन्हा सांगितलं तर ती नवी घटना, तिचं वर्ष नवं. म्हणून प्रत्येक वेळची तारीख वहीत वेगळी हवी.

पत्र, मग नोटीस

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" म्हणतात. मी पायरीवरच पोट भरते, तरी पहिल्या बैठकीत मीही जवळपास तेच सांगते. माझ्याकडची निम्म्याहून जास्त प्रकरणं पत्रावर मिटली आहेत, आणि त्याचं कारण कंपन्यांच्या आत आहे. अफवा बहुतेक वेळा एखादा दुखावलेला मॅनेजर पसरवतो, कंपनी नाही. वरच्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो. पत्र त्यांच्या टेबलावर पडलं की लीगलवाले त्या मॅनेजरला विचारतात, "हे तू बोललास का? कागद आहे का?" कागद नसतो.

म्हणून पहिलं पत्र स्वतःच्या नावाने, मॅनेजरला नाही, एचआर प्रमुख आणि संचालकांना पाठवा. काय बोललं गेलं, ते खोटं का, सोबत कोणते कागद, आणि यापुढे चौकशी आल्यास फक्त हुद्दा व नोकरीचा काळ सांगावा अशी विनंती. ऐकणाऱ्याचं नाव या पत्रात घालू नका. दबाव आधी त्याच्यावर जाईल.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर वकिलामार्फत नोटीस. बदनामीच्या दाव्याआधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण सरळ दावा लावणाऱ्यापेक्षा आधी संधी देणारा कोर्टाला समंजस दिसतो. नोटिशीत लेखी माफी, नव्या कंपनीला खुलाशाचं पत्र, पुढे न बोलण्याची हमी आणि भरपाईची रक्कम मागतात. एक कोटी वगैरे लिहू नका. दावा लावताना रकमेवर कोर्ट फी बसते, आणि तेव्हा एकाच्या मागची शून्यं पटापट गळतात. पाठवताना पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. लोक अजून "रजिस्टर एडी" म्हणतात, पण टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळून टाकलं आहे. मेलवरही एक प्रत जाऊ द्या.

पत्रव्यवहारातून एक प्रस्ताव हमखास येतो: "अडकलेला हिशेब देतो, तुम्ही तक्रार सोडा." हिशेब हा तुमचा हक्क आहे, बक्षीस नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. दोन्ही गोष्टी एका कागदावर आणू नका. तडजोड करायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल वाईट न बोलण्याचं कलम लिहून घ्या, आणि चौकशी आल्यास कंपनी नेमकं कोणतं वाक्य सांगेल ते वाक्यच तडजोडीत टाका.

पोलीस ठाण्यात काय होतं आणि काय होत नाही

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. तुम्ही वागळे इस्टेटच्या ठाण्यात जा की कोपरखैरण्याच्या, ठाणे अंमलदार एफआयआर घेणार नाही. तो तुम्हाला टाळतोय असं समजू नका. कायदाच तसा आहे. तो एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करेल आणि "कोर्टात जा" म्हणेल. एनसीचा उपयोग एवढाच की अमुक तारखेला तुम्ही तक्रार केली होती याची सरकारी नोंद राहते. प्रत मागून घ्या. "६६अ लावा साहेब" असं अजूनही कोणी सुचवतं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं.

काही गोष्टी मात्र नुसत्या बदनामीच्या पलीकडच्या असतात आणि तिथे पोलिसांकडेच जायचं. तुमच्या नावाने बनावट प्रोफाइल काढलं असेल तर सायबर पोलीस किंवा केंद्राचं सायबर गुन्हे पोर्टल. महिलेला उद्देशून लैंगिक शेरेबाजी असेल तर न्याय संहितेची वेगळी कलमं लागतात आणि ते दखलपात्र गुन्हे आहेत. जातिवाचक अपमान असेल तर अॅट्रॉसिटी कायदा. जुन्या मालकाने तुमच्यावर चोरीची खोटी तक्रारच दिली असेल तर आधी अटकपूर्व जामिनाचं बघायचं, अब्रूचं नंतर.

कोर्ट: कोणतं आणि कुठलं

नवी मुंबईकरांची इथे गंमत होते. पोलीस आयुक्तालय एकच, पण जिल्हे दोन. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगडात. म्हणजे घणसोलीच्या माणसाचं कोर्ट सीबीडी बेलापूरला किंवा ठाण्याला, खारघरच्या माणसाचं पनवेलला. पण तुमचं घर कुठे आहे यावर कोर्ट ठरत नाही. दिवाणी दावा जिथे बदनामी झाली तिथे किंवा जिथे प्रतिवादी राहतो, धंदा करतो तिथे लावता येतो, निवड तुमची. कंपनी वागळे इस्टेटला आणि ऐकणारा पुण्यात असेल तर ठाणे किंवा पुणे. फौजदारीतही ते शब्द कुठे ऐकले किंवा वाचले गेले हे बघतात. घराजवळचं कोर्ट मिळत असेल तर तेच घ्या, कारण हेलपाटे तुम्हालाच घालायचे आहेत.

फौजदारी वाट अशी. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद दाखल करायची, आणि ती बदनामी झालेल्या व्यक्तीनेच. कोर्ट तुमचा शपथेवर जबाब घेतं, हजर साक्षीदारांचाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक बदल झाला आहे: दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. त्यामुळे पूर्वी जी पायरी एकतर्फी उरकायची तिथेच आता पहिली चकमक होते. ऐकणारा तुमच्या बाजूने उभा नसेल तर फिर्याद इथेच गारद होते. पुढे समन्स, मग सरतपास (तुमच्याच वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, तारखा. तुम्ही गैरहजर राहू लागलात तर आरोपी सुटू शकतो, म्हणून शिफ्टची नोकरी असेल तर हा विचार आधी करा. या वाटेने पैसे मिळत नाहीत. मॅनेजरला आरोपी म्हणून जामीन घ्यावा लागतो, एवढ्यानेच बऱ्याचदा तडजोडीचा निरोप येतो.

दिवाणी वाटेने पैसे आणि मनाई हुकूम मागता येतो. इथे मॅनेजरसोबत कंपनीलाही प्रतिवादी करता येतं, कारण तो कंपनीच्या कामातच बोलला. नुकसान दाखवायला मागे घेतलेली ऑफर, तिच्यातला पगार, मधले बेकारीचे महिने हे आकडे कामी येतात. "मानसिक त्रास" सगळेच लिहितात. मागे घेतलेल्या ऑफरचा मेल फार थोड्यांकडे असतो. तातडीचा मनाई हुकूम सहज मिळेल अशी आशा धरू नका. २०२४ साली ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीपुराव्याआधी तोंडं बंद करण्याबाबत कोर्टांना सावध केलं आहे. तो मामला बातमीचा होता, पण वकील त्याचा दाखला इथेही देतात.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. मी सहसा एकच निवडायला सांगते. ज्याला नोकरी परत हवी आहे त्याने नोटीस आणि फार तर दिवाणी. ज्याच्यावर गावभर चोरीचा शिक्का बसलाय आणि ऐकणारे तीन जण तयार आहेत, त्याने फिर्याद.

वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्याला कोर्ट नाक्यावर, जिल्हा न्यायालयातच, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्न मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. तिथे "दाखलपूर्व" प्रकरण म्हणून समेटाचा अर्जही देता येतो: दावा न लावता दोघांना समोरासमोर बसवतात. कंपनीवर येण्याची सक्ती नसते, पण न्यायालयाच्या आवारातून आलेली चिठ्ठी एचआरच्या मेलसारखी दुर्लक्षित होत नाही.

तोवर तोंड आवरा

सगळ्यात अवघड पायरी हीच. रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅप स्टेटसवर "काही लोकांची लायकी" सुरू होते, लिंक्डइनवर कंपनीचं नाव घेऊन लांबलचक पोस्ट पडते, रिव्ह्यूच्या साइटवर एक तारा. बदनामी कंपनीचीही होऊ शकते, कायद्यात तसं स्पष्टीकरणच आहे. आतापर्यंत तुम्ही फिर्यादी होतात. त्या पोस्टनंतर दोघंही आरोपी. टाकली असेल तर गुपचूप काढू नका, आधी वकिलाला दाखवा.

आणि पुढच्या मुलाखतीत हा विषय लपवू नका. मी त्या खुर्चीत बसलेली असताना ज्याने आधी सांगितलं त्याच्यावर माझा विश्वास बसायचा. जे फोनवरून कळायचं त्यावर शंका. दोन वाक्यं पुरेत: "आधीच्या कंपनीशी माझा निघण्यावरून वाद आहे, त्याचा पत्रव्यवहार चालू आहे. रेफरन्ससाठी त्याआधीच्या कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांचा नंबर देतो आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल दाखवतो." मॅनेजरचं नाव नको, रडगाणं नको. तो मेल फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे समोरच्यासमोर शोधत बसावं लागणार नाही.